मंगळवार-शुक्रवारची गाडी

उकंडरावांना गाडी चालवायची हौस कधीच नव्हती. वायरमनची सगळी नोकरी त्यांनी आधी सायकलीवर आणि मग एका जुन्या मोटारसायकलीवर काढली. खांद्यावर दोरीचं वेटोळं, कमरेला पक्कड. वरवट बकालच्या चहूकडच्या गावांत कुठे तार तुटली, कुठे डीपी जळाली की पहिली हाक यांनाच. घरी ताटावरून उठायचं, लग्नात पंगतीतून उठायचं. निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यातला हार खुंटीला अडकवून त्यांनी बायकोला सांगितलं, "आता आपण कोठीच जात नाई. वट्यावर बसीन. तू चहा दे, मी पेपर वाचतो."

"बसा ना बाप्पा," वच्छलाबाई म्हणाल्या. "कोन उठवते तुमाले?"

उठवलं ते वच्छलाबाईंच्याच दुखण्यानं. आधी पाय सुजले, मग तोंडाची चव गेली, मग दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागू लागली. शेगावच्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहून चष्मा काढला, तेव्हाच उकंडरावांना कळलं. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणीच खारट, त्यामुळे कोणाच्या किडन्या गेल्या म्हणून सांगितलं तर लोक फार दचकत नाहीत. फक्त विचारतात, "मंग डायलिसिस कोठी?" वच्छलाबाईंचं शेगावला ठरलं. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी.

गाडी आली ती त्यानंतर. त्यांचा एकुलता मुलगा गणेश पुण्याला एका कंपनीत आहे. त्याच्या साहेबानं जुनी गाडी काढली ती यानं घेतली होती. चांगली उंच, जाडजूड, आणि चारही चाकांना इंजिनचा जोर जाणारी. पुण्यात ती बहुतेक वेळ पार्किंगमध्येच असायची. उकंडरावांचं घर गावाबाहेर, शेताच्या कडेला. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट सगळी काळ्या मातीची. पावसाळ्यात तिथे माणसाचा पाय निघतो पण चप्पल निघत नाही. गणेश दिवाळीला आला तो गाडी घेऊनच. "बाबा, आईले एसटीनं नका नेऊ. हे गाडी चिखलात बी फसत नाई. मी शिकवतो तुमाले."

साठी ओलांडलेला माणूस शिकला. गणेश शेजारी बसून सांगत होता, क्लच हळू सोडा, आरशात पाहा. आणि वच्छलाबाई मागे बसून डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. सुट्टी संपली, मुलगा पुण्याला परत गेला, गाडी राहिली.

मग दिवस सुरू झाले ते एकासारखे एक. डायलिसिसच्या दिवशी उकंडराव उजाडायच्या आधी उठायचे. पाणी भरायचं, चहा करायचा, वच्छलाबाईंना अर्धा कपच द्यायचा. त्यांना दिवसाचं पाणी मोजून होतं. बिनमिठाची भाजी टाकायची. ही भाजी त्यांना स्वतःलाही खाववत नसे, पण दोन भाज्या करायचं त्राण नव्हतं, म्हणून तेही तीच खायचे. पोळ्या शेजारची करून देई. डबा, चादर, फाईल, शाल. मग गाडी काढायची. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, सीटच्या टोकावर बसून ते गाडी चालवत. अजूनही त्यांना ती आपली वाटत नव्हती. शेगावात पोचले की वच्छलाबाई आत आणि हे बाहेरच्या बाकावर. चार तास. परतताना वच्छलाबाई पिळून काढलेल्या फडक्यासारख्या झालेल्या. घरी येऊन त्यांना निजवायचं, पायात गोळे आले तर चोळायचे. दुसऱ्या दिवशी त्यांना जरा बरं वाटायचं. त्या दिवशी कपडे, दळण, औषधं. तोवर पुन्हा शुक्रवार उभा.

कोणी विचारलं, "काय उकंडराव, बरं चाल्लं ना?" तर ते "हाव" म्हणत. दुसरं काय म्हणणार? दुखणं बायकोला होतं. सुया तिच्या हातात जात होत्या. आपण थकलो असं म्हणायची त्यांना लाज वाटायची.

बाकावर त्यांच्या शेजारी सोनाळ्याची एक तरुण बाई बसायची. सारिका तिचं नाव. तिची सासू भिमाबाई वच्छलाबाईंच्याच वेळेला आत असे, शेजारच्याच पलंगावर. त्या दोघी सोनाळ्याहून काळीपिवळी जीपनं, उकंडरावांच्या फाट्यावरूनच येत. सारिका ब्लाउजांना हूक लावत बसायची. पिशवीतून एक काढायचा, हूक लावायचे, घडी करून दुसऱ्या पिशवीत. वर्ष होऊन गेलं, उकंडराव तिला ओळखत होते ते एवढंच. "आला का नंबर?" "आला." "बिपी वाढला का?" "वाढला." यापलीकडे बोलणं नाही. दोघांनाही तेवढंच पुरत होतं.

श्रावणातली गोष्ट. रस्त्याच्या कडेनं पाइपलाइनचं खोदकाम चाललं होतं. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून उकंडरावांनी गाडी खाली घेतली आणि डावीकडचं पुढचं चाक फोडलेल्या गिट्टीवर चढलं. फस्सकन आवाज झाला. उतरून पाहतात तर टायर बाजूनं चांगला वीतभर चिरलेला. पंक्चर निघण्यातलं ते काम नव्हतं. ट्रॅक्टरवाला थांबून जॅक लावू लागला, दोघांनी मिळून स्टेपनी चढवली. स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक होती. आधीच्या मालकानं कधी दुसऱ्याच गाडीची टाकून दिली असावी. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, हे टेम्परवारी हाय बरं. नवीन टायर टाकून घेजा लवकर."

"टाकतो," उकंडराव म्हणाले.

पण टाकायचा कधी? मंगळवारी वेळ नाही, शुक्रवारी वेळ नाही, मधल्या दिवसांत अंगात जोर नाही. बारक्या चाकावरच फेऱ्या सुरू राहिल्या. गाडी चालत होती ना, मग झालं. पोळा झाला, श्रावण संपला. मग वळणावर गाडी कण्हल्यासारखी करू लागली. घराच्या वाटेला वळताना स्टिअरिंग आखडायचं, खालून कोणी दात खातंय असा आवाज यायचा. एकदा गाडी उभी केल्यावर जळकट वास आला. उकंडरावांनी वाकून खाली पाहिलं, काही दिसलं नाही. त्यांनी ठरवलं, कोणाच्या तरी शेतातला कचरा जळत असेल.

एका शुक्रवारी शेगावला जाताना वच्छलाबाईंनी समोर बोट दाखवलं. "हा पिवळा दिवा काऊन जळून राह्यला?"

"जळू दे."

"मांगच्या खेपीले नव्हता."

"अवं, जळू दे ना! दिवाच हाय, आग थोडी हाय?"

वच्छलाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. थोड्या वेळानं उकंडरावांनाच वाईट वाटलं. "पाहातो आज," ते म्हणाले. "तू आत गेली की जाऊन येतो टायरवाल्याकडं."

टायरचं दुकान खामगाव रस्त्याला होतं. दुकानदार अश्वजित तिशीतला, बडबड्या नव्हता. त्यानं गाडी लिफ्टवर घेतली, चारही चाकं हातानं फिरवून पाहिली, टायरच्या नक्षीत नखं घालून झीज पाहिली. मग बारक्या चाकापाशी येऊन उभा राहिला.

"हे किती दिवसापासून हाय काका?"

"झाले असतील महिना-दीड महिना."

अश्वजितनं मान हलवली. "थांबा, एक फोन करतो. अशा गाड्या आपल्याकडं कमी येतात, मले बी विचारा लागीन." त्यानं अकोल्याच्या कोणा मिस्त्रीला फोन लावला, बराच वेळ हाव-हाव केलं आणि परत आला. "हे चारही चाकं संगंच ओढते. म्हून चारही सारखे पाह्यजे. हे एक बारीक, म्हंजे बाकीच्यापेक्षा जास्त गरगर फिरते. तो फरक मधातल्या गिअराइले सोसा लागते. तेच गरम होऊन राह्यलं."

"मंग एक नवीन टाकून दे ना बाप्पा."

"बाकीचे तीन अर्ध्याच्या वर झिजले हायेत. नवीन एकच टाकला तं आता तो मोठा होईन. भानगड तेच राहीन. चारही बदला लागतात, एकदम."

खर्चाचा विचार उकंडरावांच्या मनात नंतर आला. आधी आला तो वेळेचा. "किती वेळ लागीन?"

"टायर इथं नाईत या मापाचे. अकोल्याहून मागवतो, उद्या दुपारपर्यंत येतीन. अन् गाडी आता चालवू नोका. गिअर गेले तं टायरपेक्षा मोठं काम निंघीन. इथंच राहू द्या."

"इथंच? मले घरवालीले न्यावं लागते ना गावाले."

"काळीपिवळीनं जा ना काका आजच्या दिवस."

उकंडरावांनी गणेशला फोन केला. गणेश मीटिंगमध्ये होता. हळू आवाजात म्हणाला, चारही टाका बाबा, मी पाहतो त्याचं, आणि हे आधीच का नाही केलं? स्टेपनीवर कोणी इतके दिवस चालवतं का? उकंडरावांनी ऐकून घेतलं. मुलगा खरं बोलत होता. मोबाइलची बॅटरी संपत आली होती, म्हणून लिफ्ट खाली घ्यायला सांगून त्यांनी तो गाडीतल्या चार्जरला लावला, गाडी परत वर गेली आणि ते दुकानातल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. अश्वजित अकोल्याला फोन करून माप सांगत होता. तिकडून काय उत्तर येतं ते ऐकायचं आणि निघायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पंखा फिरत होता. हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. कोणीतरी पाना फरशीवर टाकत होतं, तो खणखणत होता.

या सगळ्या आवाजात उकंडराव झोपले. डुलकी नव्हे, झोपच. मान मागे भिंतीला, तोंड उघडं, हात मांडीवरून खाली लोंबकळलेले. अश्वजितनं एकदा "काका" म्हणून हाक मारली. मग त्यानं पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि राहू दिलं.

जाग आली तेव्हा ऊन दुकानाच्या पायरीवरून उतरून रस्त्यावर गेलं होतं. क्षणभर त्यांना कळेना आपण कुठे आहोत. इतकी गाढ झोप किती दिवसांत लागली नव्हती. बरं वाटलं. आणि मग एकदम लक्षात आलं.

"अरे, किती वाजले?"

"चार होऊन गेले काका. तुमाले उठवलं म्या एकडाव, पन—"

वच्छलाबाईंचं एक वाजताच आटोपतं. उकंडराव लिफ्टवरच्या गाडीकडे धावले. मोबाइल आत, गाडी डोक्याच्या वर. अश्वजितनं लिफ्ट खाली घेतली. मोबाइलवर कोणा अनोळखी नंबरचे कितीतरी मिस्ड कॉल. ते परत फोन लावायला थांबले नाहीत, रिक्षात बसून तडक दवाखाना गाठला. पलंगावर दुसराच पेशंट. सिस्टर म्हणाल्या, "त्या तर गेल्या केव्हाच. खूप वेळ वाट पाहिली हो तुमची. मग त्या सोनाळ्याच्या बाईंबरोबर गेल्या."

उकंडराव पायरीवर आले आणि खालीच बसले. त्या अनोळखी नंबरला फोन लावला. सारिकानं उचलला. "काका, कुठी होते तुमी? काकू घरी पोचल्या. आमी उतरवून दिल्या फाट्यावर, तुमच्या शेजारच्या भाऊनं मोटारसायकलवर नेल्या. ठीक हाय सगळं. तुमी बरे हाव ना?"

तुमी बरे हाव ना, हे त्यांना त्या वर्षात पहिल्यांदाच कोणी त्यांच्यासाठी म्हणून विचारलं होतं. "हाव" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

काळीपिवळीत मागच्या बाकावर अंग चोरून बसून ते गावी आले. फाट्यापासून घरापर्यंत चालत. दिवेलागण झाली होती. वच्छलाबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांना पाहून उकंडरावांच्या अंगात भीतीच्या जागी एकदम राग आला.

"फोन नाई, काई नाई! निंघून गेली? रस्त्यात चक्कर आली असती तं?"

"फोन केला ना सारिकानं. तुमीच उचलला नाई."

"मंग थांबाचं होतं."

"थांबली ना. बाकावर आडवी झाली होती मी. भिमाबाईनं आपली चादर देली." त्या उशीवरून सरळ झाल्या. "कुठी होते तुमी?"

उकंडराव खोटं बोलणार होते. गाडीचं काम निघालं, मिस्त्री नव्हता, असं काहीतरी. पण उभं राहवेना. ते पलंगाच्या कडेला बसले. "झोप लागली मले. टायरवाल्याच्या दुकानात. खुर्चीवर."

वच्छलाबाई चिडतील असं त्यांना वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "बरं झालं, खुर्चीवर लागली ते."

"म्हंजे?"

"म्हंजे गाडीत नाई लागली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "परतीच्या रस्त्यानं तुमचे डोये मिटतात. तुमाले समजत नाई. पहिल्यांदा पाह्यलं तवा मी मुद्दाम खोकलली. तवापासून मी झोपत नाई. मशीनवरून उठलं की अंग इतकं गळून जाते का वाटते, मेली तरी चालीन पन डोये मिटू दे. पन मी पाहात बसते तुमच्याकडं. हे गाव कोनतं, हे वावर कोनाचं, असं विचारत राहाते. तुमी खेकसता. खेकसले का मले बरं वाटते, जागे हायेत म्हून."

उकंडरावांना त्या सगळ्या फेऱ्या आठवल्या. हे गाव कोणतं? ते दर वेळी मनात म्हणत, बाईचं डोकं चालेनासं झालं.

"सांगाचं नाई का मले?" ते म्हणाले.

"काय सांगू? तुमी नाई चालवली तं कोन चालवीन?" मग आवाज बदलून, "आज काळीपिवळीत मले झोप लागली. भिमाबाईच्या खांद्यावर. धक्के लय लागतात, पन कोनाकडं पाहा लागत नाई."

त्या रात्री शेजारणीनं पोळ्यांबरोबर बिनमिठाचं पिठलंही दिलं होतं. दोघांनी ते सकाळच्या भाजीसोबत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उकंडराव शेगावला गेले. टायर आले होते. काळेकुळकुळीत, अंगावर बारीक रबरी केस असलेले. अश्वजितनं जुने चारही उतरवले, नवे रिमवर चढवले, हवा भरून मशीनवर तोल पाहिला, गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर उभी करून चाकांची दिशा सरळ केली. जुने टायर भिंतीला लावून ठेवले होते. तीन झिजलेले आणि एक बारका, कोणाच्याच मापाचा नसलेला. "हे घेऊन जाता का?" अश्वजितनं विचारलं. "कोंबड्याइले पानी ठेवाले होतात."

"नको रे बाबा. ठेव तुह्याकडं."

"स्टेपनीसाठी त्या तीनातला बरा असलेला टाकून देल्ला. पन तो दवाखान्यापासून दुकानापर्यंतच बरं काका. महिनाभर नाई."

उकंडराव कसंनुसं हसले.

परतताना ते गाडीत एकटेच होते. वळणावर आवाज नाही, पिवळा दिवा नाही, वास नाही. गाडी आपली सरळ पळत होती. कपाशीची शेतं दोन्हीकडून हिरवीगार. एका लिंबाच्या झाडाखाली त्यांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि नुसते बसून राहिले. शेजारची सीट रिकामी होती, आणि ती रिकामी आहे म्हणून त्यांना मोकळं वाटत होतं. हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं आणि मग त्यांना रडू आलं. कोणी पाहत नव्हतं. गळ्यातल्या उपरण्यानं तोंड पुसून ते घरी आले. वच्छलाबाईंनी विचारलं, "झाली का नीट गाडी?" तर म्हणाले, "झाली."

मंगळवारी बाकावर सारिकानं हुकाची सुई खाली ठेवली आणि त्यांच्याकडे वळली. "काका, एक म्हनू का?"

"म्हन."

"तुमी मंगळवार, शुक्रवार दोन्ही दिवस इथं बसता. मी बी बसते. दोघीजनी तं एकाच टाइमले आत असतात. एका दिवशी तुमी दोघीइले सांभाळा, एका दिवशी मी सांभाळते. मंगळवारी फाट्यावरून तुमच्या गाडीत आमच्या सासूबाईले घेऊन जा, मी घरी शिवनकाम करीन. शुक्रवारी काकूले मी काळीपिवळीनं घेऊन जाईन. तुमी घरी राहा."

उकंडराव ऐकून घेत होते, पण आतून त्यांना ते लागलं. "माही बायको हाय ना," ते म्हणाले. "मीच आनतो तिले. दुसऱ्याच्या जिवावर कायले सोडू?"

सारिका ओशाळली. तिनं सुई परत उचलली. "राग नका मानू काका. मले वाटलं, आपन दोघंबी…"

परत जाताना उकंडरावांनी सारिका आणि तिच्या सासूलाही गाडीत बसायला सांगितलं. शुक्रवारच्या उपकाराचं उतराई व्हायचं म्हणून. भिमाबाई आणि वच्छलाबाई मागे, सारिका पुढे. ठेंगणी, काळीसावळी भिमाबाई मोठ्या आवाजाची होती. गाडी सुरू झाल्याबरोबर म्हणाली, "भाऊ, माही सून काय म्हने तुमाले?"

"काई नाई."

"काई नाई कसं? तोंड पाडून बसली ते. मले सांगतलं तिनं काल रातीच. मीच म्हनलं, विचार." मग ती पुढे वाकली. "हे पाहा, आमी दोघी मरू तवा मरू. पन तुमी दोघं आमच्या आंदी मरान असं दिसून राह्यलं."

सारिका म्हणाली, "आई!" वच्छलाबाई मात्र हसल्या. मशीनवरून उठल्यावर त्या कधी हसल्याचं उकंडरावांना आठवत नव्हतं.

"भिमाबाई बरोबर म्हनते," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी शुक्रवारी सारिकासंगं जाईन. ठरलं."

"तुले धक्के सोसतील?" उकंडरावांनी आरशात पाहत विचारलं.

"मले काय सोसते ते मी पाहीन. तुमी रस्त्याकडं पाहा."

पुढे वाद नव्हता. त्या घरात वच्छलाबाईंनी ठरलं म्हटलं की ठरायचंच.

शुक्रवारी सकाळी उकंडरावांनी त्यांना गाडीनं फाट्यापर्यंत सोडलं. काळीपिवळी आली, सारिकानं आतून हात देऊन वच्छलाबाईंना ओढून घेतलं, भिमाबाई सरकली. गाडी धूर सोडत गेली. उकंडराव रस्त्यावर उभे राहून पाहत राहिले. फाईल दिली का? शाल दिली का? दोन्ही दिलं होतं.

घरी आल्यावर त्यांना काही सुचेना. पेपर उघडला, अक्षरं लागेनात. दर थोड्या वेळानं ते मोबाइल पाहत. मध्येच सारिकाचा मेसेज आला, मशीन लागली, बिपी बरा आहे. मग ते वट्यावर आडवे झाले. झोप येईल असं वाटलं होतं, आली नाही. उलट सगळं अंग दुखायला लागलं. खांदे, पोटऱ्या, मान. जणू इतके दिवस दुखायलाही सवड नव्हती. शेजारीण पोळ्या घेऊन आली आणि त्यांना तसं पडलेलं पाहून घाबरली. "काय झालं हो भाऊजी?"

"काई नाई. थकलो मी," उकंडराव म्हणाले.

शेजारीण म्हणाली, "हाव, दिसतेच ते." पोळ्या ठेवून निघून गेली.

दुपार कलल्यावर ते गाडी घेऊन फाट्यावर जाऊन थांबले. काळीपिवळी उशिरा आली. वच्छलाबाई उतरल्या, चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले, पण तोंडानं काहीतरी सांगत सांगतच. भिमाबाईच्या लहानपणी सोनाळ्याच्या जंगलात वाघानं म्हणे तिच्या बापाच्या समोरून बैल नेला होता. ती गोष्ट रस्त्यात अर्धीच राहिली होती.

उकंडरावांनी पिशवी घेतली, त्यांना धरून सीटवर बसवलं, शाल पायांवर घातली.

"आईका," वच्छलाबाई म्हणाल्या, "मंगळवारी सारिका येनार नाई. भिमाबाई पानी मांगते मशीनवर, लाडीगोडीनं मांगते. तुमी देऊ नोका. तिनं शिव्या देल्या तरी देऊ नोका."

"शिव्या देते?"

"लय देते. अन् नंतर हासते."

"हाव," उकंडराव म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.